कानावरचे केस

रंगराव मान्यांनी पिल्लाला मानगुटीला धरून उचललं, उन्हाकडे वळले, त्याचा कान बोटांवर पसरला आणि कानाच्या कडेच्या लांब केसांवर फुंकर मारली. केस हलले. ते पिल्लू खाली ठेवून त्यांनी दुसरं उचललं, मग तिसरं. पाचही पिल्लं अशी तपासून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले. तोंडातून शब्द नंतर आला, पण अपमान त्या हात पुसण्यातच झाला होता.

“मायाप्पा, ही माझ्या बिजल्याची न्हवंत.”

माझे सासरे मायाप्पा सरगर बाजेवर एक पाय लांब करून बसले होते. त्यांनी ऐकूच आलं नाही असं तोंड केलं आणि मला म्हणाले, “तायव्वा, रंगरावांस्नी च्या ठेव.”

रंगरावांनी चहा नको म्हटलं. चार कोसांवरून आलेला माणूस आमच्या वस्तीवर चहा नको म्हणतो तेव्हा पुढं काय येणार हे कुणालाही कळतं. मी तरी चुलीवर आधण ठेवलं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. आम्ही मेंढपाळ माणसं, जतच्या माळावरची. दिवाळी झाली की घरची सगळी माणसं मेंढरं घेऊन कृष्णेकाठाला उतरायची, ती वैशाखात परत यायची. त्या वर्षी एका एडक्यानं मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गुडघ्यावर धडक मारली आणि त्यांचं चालणं संपलं. मग नवरा, सासू, दीर सगळे मेंढरांमागं गेले, आणि म्हाताऱ्याला भाकरी करून घालायला मला मागं ठेवलं. मागं राहिलो आम्ही दोघं आणि हरणी.

हरणी म्हणजे आमची कारवानी कुत्री. लांब तोंड, आत गेलेलं पोट, अंगावर तेल चोळल्यासारखा आखूड केस, आणि माळावर ससा उठला की डोळ्यांना दिसायच्या आत निम्मा माळ संपवणारी. आमच्या मुलखात अशी कुत्री माणसांच्या नावानं ओळखतात. मायाप्पाची हरणी म्हटलं की पंचवीस गावांत कळायचं. रंगरावांच्या बिजल्याचंही तसंच होतं. त्यांच्या सोप्यात भिंतीवर देवांच्या ओळीत बिजल्याचा फोटो लावला होता आणि बिजल्याचा बाप, आजा, पणजा असे सात पिढ्यांचे कुत्रे त्यांना तोंडपाठ होते. स्वतःच्या घरातले त्यांना चारच सांगता यायचे, असं लोक म्हणायचे.

कार्तिकात हरणी माजावर आली तेव्हा मामांनी तिला बिजल्याला लावून आणली. ह्यात पैशाचा व्यवहार नसतो. ज्याचा कुत्रा, त्यानं पिल्लं अडीच महिन्यांची झाली की येऊन त्यातलं पहिलं पिल्लू पसंत करायचं. त्यानं उचलल्याशिवाय बाकीची कुणाला देता येत नाहीत. आणि ज्याची कुत्री, त्यानं माज सरेपर्यंत एकवीस दिवस तिला कोंडून राखायचं, दुसरा कुत्रा आसपास फिरकू द्यायचा नाही. राखण नीट झाली एवढं घरधन्यानं सांगितलं की पुरतं, त्याला कुणी पुरावा मागत नाही. मामांना तर चालता येत नव्हतं. राखण माझ्याकडे आली.

आता रंगराव म्हणत होते की त्यात खोट आहे. तिघांचं ते काही बोलत नाहीत, पण पाचातल्या दोघांच्या कानांना आणि शेपटीला झिपऱ्या आहेत. बिजल्याच्या सात पिढ्यांत असा केस नाही, हरणीच्याही अंगावर नाही. मग तो आला कुठून? कुत्रीचं वेत असंच असतं, एका वेतात दोन बाप निघतात. पलीकडच्या बिराप्पाच्या वस्तीवर तो केसाळ कुत्रा आहेच. बोलता बोलता ते माझ्याकडे बघत नव्हते. न बघणंच मला जास्त लागलं.

“राखन माझ्या सुनेनं केलीया,” मामा म्हणाले.

“म्हनूनच म्हनतोय. पोरसवदा हाय ती. डोळा लागला आसंल.”

मामा काठीला धरून उभे राहिले. त्या गुडघ्यावर ते आपण होऊन उभे राहिलेले मी पाच महिन्यांत पाहिले नव्हते.

“रंगराव, येत्या रविवारी मी तुमच्या दारात येतो. पाची पिल्लं आनतो. बिरोबाचा भंडारा ताटात घालून आनतो. माझी सून तुमच्या उंबऱ्यासमोर तो उचलून सांगंल. मग तर पटंल?”

भंडारा म्हणजे देवाची हळद. ती मुठीत घेऊन जे बोलाल ते देवासमोर बोललात. आमच्यात कोर्टात खोटं बोलणारे होते, नाही असं नाही, पण भंडाऱ्यावर खोटं बोललेला माणूस मी तरी बघितला नव्हता. रंगराव थोडे वरमले, इतकं नको म्हणाले, पण मामांनी ऐकलं नाही. चहा उतू गेला आणि मी चुलीपुढून हलले नाही.

कारण दाराची कडी एकदा निघालेली होती.

राखणीच्या चौदाव्या दिवशी, बिजल्याला लावून आणल्यावर तीन दिवसांनी, मामा गाडीनं गावात केस कापायला गेले होते. मी विहिरीवर पाण्याला गेले. दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला परत आले तर हरणीला ठेवलेल्या खोपटाची कडी खाली लोंबत होती आणि दार नुसतंच टेकलेलं होतं. हरणी आत पोत्यावर बसलेली. मला बघून तिनं शेपूट हलवलं, जसं काही झालंच नाही. मी खोपटाभोवती फिरले, माती बघितली, काही कळलं नाही. कडी मी लावायला विसरले होते, का कुणी येऊन काढली, का वाऱ्यानं निघाली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मी ती घातली.

रोज दिवे लावायच्या वेळी मामा एकच विचारायचे, “कडी?” आणि मी म्हणायची, “हाय.” त्या दिवशीही त्यांनी विचारलं, मीही तेच म्हटलं. म्हटलं तर खोटं नव्हतं, कारण तेव्हा कडी होती. अशा शहाणपणानं माणूस आपल्या मनाला चार महिने गप्प बसवतो, मग त्याला चार दिवस झोप लागत नाही.

बुधवार ते रविवार हे ते चार दिवस. मी सांगायचं ठरवायची आणि दर वेळी मामा मला सांगू द्यायचे नाहीत. ते अडवत नव्हते, नुसते आनंदात होते. माझ्या सासऱ्यांना मी इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं. वस्तीवर जो येईल त्याला बसवून घ्यायचे आणि रंगराव कसे आले, काय म्हणाले, आपण काय म्हणालो, हे सगळं सांगून शेवटी माझ्याकडे बोट करायचे. हिनं एकवीस दिवस राखण केलीया, म्हणायचे, पापणी लवली न्हाई पोरीची. मेंढरांचा व्यापारी आला त्याला सांगितलं. टपालवाल्याला सांगितलं, त्याला कुत्र्यांतलं काही कळत नव्हतं तरी. पाहुण्यानं माझ्याकडे कौतुकानं बघावं आणि मी पिठाचे हात घेऊन आत पळावं, आणि मामांनी वर म्हणावं की लाजाळू हाय.

रात्री पडल्या पडल्या हिशेब एकच. भंडारा उचलून सरळ सांगून टाकावं, तर पिल्लं सुटतात, मामांचा शब्द राहतो, कुणाला काही कळत नाही. देव काय करील ते करील माझं. खरं सांगावं, तर वैशाखात माणसं परत येतील तेव्हा सासूच्या कानावर आधी हे पडेल की नवी सून एक कडी सांभाळू शकली नाही आणि म्हाताऱ्याला परक्या दारात खाली मान घालायला लावली. आणि मामांना काय वाटेल, ह्याचा तर मी विचारच पुरा करू शकत नव्हते. माझा बाप मी पाच वर्षांची असताना गेला. मला तायव्वा म्हणून नीट हाक मारणारा पुरुष माणूस मला सासरी भेटला होता.

रविवारी सकाळी गाडी जुंपली. शेजारच्या वस्तीवरचा कोंडिबा हाकायला होता. पाटीत गोणपाट घालून त्यात पाच पिल्लं, ती माझ्या पायाशी. मामांच्या मांडीवर पितळी ताट, त्यावर पांढरं फडकं. बिरोबाच्या देवळातून पुजाऱ्यानं स्वतः भंडारा घालून दिला होता. मामांनी ठेवणीतला पटका बांधला होता, त्याचा शेमला वाऱ्यानं त्यांच्या तोंडावर येत होता आणि ते तो दर वेळी ऐटीत मागं टाकत होते.

निम्मी वाट सरली तेव्हा मी म्हटलं, “मामा, मला कायतरी बोलायचं हाय.”

“भ्यालीस व्हय?” ते हसले. “खरं सांगाया कशाला भ्यायाचं, तायव्वा? भ्यायाचं ते त्येनी, ज्येला खोटं सांगायचं आसतंय.”

मी पाटीतल्या एका पिल्लाला उगीच थोपटत राहिले. नेमकं झिपऱ्या कानांचंच हाताला लागलं.

मान्यांच्या अंगणात लोक जमले होते. रंगरावांनी बोलावले नव्हते, पण मामांनी चार दिवस टपालवाल्यापासून सगळ्यांना सांगितल्यावर आणखी काय होणार. सोप्यावर रंगरावांची आई चंपूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या, घरात त्यांना कुणी काही विचारत नसे असं वाटण्याजोग्या गप्प. बिजल्या खांबाला बांधलेला. हरणीचा वास आला असेल, तो आमच्या पाटीकडे बघून कुंईकुंई करायला लागला. त्या क्षणी मला त्याचाच आधार वाटला, काय सांगू.

पिल्लं अंगणात सोडली. रंगराव चांगले वागले, हे मला सांगितलं पाहिजे. मामांना हाताला धरून खाटेवर बसवलं, मला सावलीत उभं राहायला सांगितलं. लोकांना म्हणाले की मायाप्पाशी माझं वैर नाही, पण बिजल्याच्या नावानं पिल्लं जाणार, उद्या ती धावली नाहीत तर नाव कुणाचं जाईल? ह्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मग ताट माझ्यासमोर आलं. मामांनी स्वतःच्या हातानं फडकं काढलं.

पिवळा धमक भंडारा. मी हात पुढं केला. एक पिल्लू माझ्या लुगड्याचा काठ दातात धरून ओढत होतं.

“सांग तायव्वा,” मामा म्हणाले. “येकवीस दिस राखन केली, दार उघडलं न्हाई, दुसरा कुत्रा आत आला न्हाई.”

मी भंडाऱ्यात बोटं घातली आणि माझी मूठ मिटेना. मी मामांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर जराही शंका नव्हती, आणि त्यामुळंच ते मला जमलं नाही. त्यांच्या डोळ्यांत संशयाचा कण असता तर मी खोटं बोलून मोकळी झाले असते.

मी हात मागं घेतला. “मला उचलता यायचं न्हाई,” मी म्हटलं. “चौदाव्या दिवशी दुपारी मी पान्याला गेल्ते. परत आले तर कडी निघाल्याली व्हती. हरनी आतच व्हती. कोन आलं, न्हाई आलं, मला ठावं न्हाई. मी मामांस्नी सांगितलं न्हाई, भ्याले. मामांचा ह्यात काय दोष न्हाई.”

अंगणात कुजबुज उठली. मागून कुणीतरी हसलं. रंगरावांनी सुस्कारा सोडला, आणि मला वाटतं त्यात सुटल्याची भावना जास्त होती. झालं तर मग, म्हणाले, आपलं म्हणणं खरं निघालं, ह्यापुढं वाढवायला नको.

मी मामांकडे बघू शकत नव्हते. मला फक्त त्यांची काठी दिसत होती. ती थोडा वेळ तशीच राहिली, मग जमिनीत रुतली आणि मामा उठले. ते माझ्याजवळ आले. मला वाटलं आता सगळ्यांसमोर वाजवणार. त्यांनी ताटावर फडकं परत घातलं, हळू, चारी कोपरे नीट करून.

“रंगराव,” ते म्हणाले. “तुमी खरं मागितलंसा. ते मिळालं. ही पाची पिल्लं आता माझी, तुमच्या कुत्र्याचं नाव मी घेनार न्हाई. जो इचारंल त्येला सांगीन, बाप कोन ते ठावं न्हाई. आनि ह्ये बी सांगीन, की माझ्या घरात खोटा भंडारा उचलनारं मानूस न्हाई. इथं जमल्याल्यांत असं सांगनारा दुसरा कोन आसंल तर त्येनं हात वर करावा.”

कुणी हात वर केला नाही. मला मात्र रडू आलं, आणि ते लाजेचं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं. मी पिल्लं गोळा करायला वाकले.

“ते झिपऱ्या कानांचं इकडं आन पोरी,” सोप्यावरून आवाज आला.

चंपूबाई. मी पिल्लू त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. त्यांनी त्याचे कान डोळ्यांनी नाही बघितले, बोटांनी बघितले. कानाच्या मुळापासून केसांच्या टोकापर्यंत अंगठा नेला, दोनदा नेला, आणि पुन्हा पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला.

“ह्यो केस माझ्या हाताला ठावा हाय,” त्या म्हणाल्या.

रंगराव म्हणाले, “आई, तू ह्यात पडू नगंस.”

“मी पन्नास वर्सं ह्यात पडल्याली न्हाई. आज पडते.”

मग त्यांनी सांगितलं. मोठ्यानं नाही, पण अंगणातला माणूस न् माणूस पुढं सरकला होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून मान्यांच्या घरात कारवानी कुत्री होती. सुरेख वेतं व्हायची. पण दर चार-दोन वेतांत एखाद-दुसरं पिल्लू असं निघायचं, अडीच महिन्यांनी कानाला झिपऱ्या फुटणारं. त्यांच्या सासऱ्यांना ते खपायचं नाही, नंतर मालकांना, म्हणजे नवऱ्यालाही. मान्यांच्या कुत्र्याचा केस तेलासारखा, अशी ख्याती झाली होती, ती जपायची होती. झिपरं पिल्लू दिसलं की मालक ते विहिरीत टाकायला सांगायचे, आणि ते काम बायकांच्या माथी यायचं. लोकांना सांगायचं की रोगानं मेलं.

“टाकलंस?” रंगरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता मघाचा मालक राहिला नव्हता.

“पहिलं येक टाकलं,” चंपूबाई म्हणाल्या. “मग न्हाई टाकवलं. आपल्या शेतात दरसाल मेंढरं बसाया यायची, लेंडीखतासाठी. त्या मेंढक्यांस्नी मी पदराखालनं नेऊन द्यायची. सांगायची, घेऊन जावा, पर कुनाचं ह्ये सांगू नगा.”

मामा काठी सोडून एकदम खाटेवर बसले.

“तुमच्या रानात मेंढरं आमचीच बसायची,” ते म्हणाले. “माझा बा बसवायचा. हरनीच्या आजीची आई त्येनं हितनंच आनली. मला येवढंच म्हनायचा, येका बाईनं दिली. कान झिपरं व्हतं तिचं. फुडच्या वेताला गेलं ते केस, आनि आमी समद्यांनी इसरून टाकलं.”

म्हणजे केस चोरून आलेला नव्हता. तो ह्याच घरातून निघाला होता, पदराखालून, आणि एक वाट बिजल्याची, एक हरणीची अशा दोन वाटांनी परत ह्याच अंगणात आला होता. लांबच्या मुलखात अशा केसाळ कानांच्या कुत्र्यांना पश्मी म्हणून मानानं पाळतात, हे मला पुढं कळलं. गुरांच्या डॉक्टरनंही पुढं एकदा सांगितलं की असा केस दोन्हीकडून आत लपून आला तरच बाहेर दिसतो. त्या दिवशी ह्यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. तिथं फक्त एक म्हातारी होती आणि तिची बोटं होती.

रंगराव उभेच होते. खाली मान घालून बघत होते, बिजल्याकडे. सात पिढ्या तोंडपाठ असलेल्या माणसाला कुणी सांगितलं की मधली पानं बाईनं पदराखाली झाकून नेली, तर त्यानं तरी काय करावं. तरीही त्यांनी एकदा प्रयत्न केला. म्हणाले, आई, तुझं वय झालं, तुला काय आठवतंय आणि काय नाही.

“ते ताट आन,” चंपूबाई मला म्हणाल्या.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी ताट नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं आणि फडकं काढलं. त्यांनी चाचपत हात पुढं केला, मूठ भरून भंडारा उचलला आणि ती मूठ कपाळाला लावली. पिवळं त्यांच्या पांढऱ्या केसांत सांडलं.

“माझ्या घरच्या कुत्र्यांत ह्यो केस हाय. ही पिल्लं बिजल्याचीच,” त्या म्हणाल्या. मग मूठ तशीच धरून माझ्याकडे वळल्या. “ह्या पोरीनं आज खोटं उचललं असतं तर मी बी गप ऱ्हायले असते. घरच्या नावासाठी म्हनून मी येवढी वर्सं गप बसले. ही तिच्या घरच्या नावासाठी बोलली.”

रंगराव सोप्याच्या पायरीवर आले आणि त्यांनी आईच्या मुठीतला भंडारा आपल्या हातावर घेतला, स्वतःच्या कपाळाला लावला. मग त्यांनी मामांना विचारलं, पहिलं पिल्लू पसंत करायचा माझा मान अजून आहे का. मामा म्हणाले, तुमचाच आहे. पण चंपूबाईंनी मांडीवरचं पिल्लू सोडलं नाही. पसंत झालंय, म्हणाल्या. त्या पिल्लानं पुढच्या दोन वर्षांत त्या भागातला एकही ससा सुखानं झोपू दिला नाही, पण ती वेगळी गोष्ट.

आम्ही तिथं चहाही घेतला आणि जेवलोही. रंगरावांनी मला स्वतः वाढलं. निघताना मी मामांना म्हटलं, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ते म्हणाले, पाहिजे होतं. एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

परतीच्या चार कोसांना आम्हाला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. मामा प्रत्येक वस्तीसमोर गाडी थांबवत होते. माणूस दिसलं की हाक मारायचे, गाडीजवळ बोलवायचे आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायचे. चंपूबाईंचं शेवटी सांगायचे, आणि घाईनं. आधी सांगायचे ते कडीचं. कडी निघाली होती, कुणाला ठावं नव्हतं, कुणी कधी विचारलं नसतं, आणि हिनं भंडाऱ्यातून हात काढून सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की शेमला मागं टाकायचीही गरज पडत नव्हती. पहिल्या वस्तीला मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. दुसऱ्या वस्तीला तो थोडा मागं गेला.

तिसऱ्या वस्तीला आठ-दहा माणसं गाडीभोवती जमली आणि मामांना जोर चढला. मान्यांच्या अंगणात शंभर माणूस होतं, म्हणाले, शंभर माणसांसमोर बोलली ही.

“मामा,” मी म्हटलं, “इसाच्या वर न्हवतं कोन.”

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पटका नीट करत म्हणाले, “बघितलंसा? आता माझं काय चालनार हिच्यापुढं?”